टायटॅनियम आणि घणाचा घाव



ज्यांच्या घरी भाता व ऐरण पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांना लोखंडाविषयी आम्ही काही सांगावे, हा आगाऊपणा ठरेल. म्हणून आज टायटॅनियमचा विषय घेतला आहे. आपल्यातील काही तरुण घडाईच्या मोठ्या कारखान्यांत आहेत. त्यांना तो अगदीच परका नसावा.

विमानाच्या इंजिनात जो टायटॅनियमचा मिश्रधातू फार वापरतात, त्यात शेकडा 6 भाग ॲल्युमिनियम व 4 भाग व्हॅनेडियम असते. सुमारे 995 अंश सेल्सियसपर्यंत त्यात आल्फा व बीटा या दोन स्फटिकरचना एकत्र नांदतात. त्यावर केवळ बीटा उरते. या कामातील ही लक्ष्मणरेषाच होय. रेषेच्या खाली, सुमारे 950 अंशांवर, घडाई केली तर आल्फाच्या पात्या मोडून त्यांचे बारीक गोलसर कण होतात. अशा वस्तूत वारंवार ताण पडूनही तडा सहसा लवकर सुरू होत नाही. रेषा ओलांडून घडविल्यास निवताना एकमेकींस लगटलेल्या पात्या तयार होतात. ही रचना सर्वस्वी वाईट, असे मात्र नव्हे; तीत तडा वाकडी वाट घेतो व सावकाश वाढतो.

भट्टीत फाजील तापून पोलादाचे कण मोठे झाले, तर बेताने पुन्हा तापवून ते बारीक करून घेता येतात. टायटॅनियमला ही सवलत नाही. पात्या एकदा झाल्या की नुसत्या आचेने त्यांचे गोल कण होत नाहीत. रेषेखाली पुन्हा घण हवा. त्यातही अडचण अशी की, या धातूतून उष्णता लवकर वाहत नाही. थंड साच्यास टेकताच पृष्ठभाग हट्टी होतो, तर जोराच्या घावाने गाभा तापून रेषा ओलांडू शकतो. म्हणून हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने साचेही जवळपास तुकड्याइतकेच तापवून, 2000 टनी दाबयंत्राखाली इंजिनाच्या तबकड्या घडविल्या; 2021 साली हे जाहीर झाले.

आता एक अपघात. 30 सप्टेंबर 2017 रोजी पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-380 विमानाच्या एका इंजिनातील पंख्याचा तुंबा ग्रीनलंडवर असताना फुटला. सुदैवाने 521 माणसे कॅनडात गूझ बे येथे सुखरूप उतरली. तुंब्याचा तुकडा 2019 मध्ये बर्फाखाली सुमारे 4 मीटर खोल सापडला, तेव्हा उलगडा झाला. तडा वरून पडलाच नव्हता! पृष्ठभागाखाली, एकाच दिशेस तोंड करून बसलेल्या आल्फाकणांच्या पुंजक्यात तो सुरू झाला होता. कण बारीक दिसले, तरी असा पुंजका पुरता मोडला गेलेला नसतो. टिकून राहणाऱ्या ताणाखाली तो दगा देतो, आणि नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. तुकडा जितका मोठा, तितका घाव गाभ्यापर्यंत पोचणे अवघड.

गोल कण व पात्या, या दोन्ही रचनांची छायाचित्रे बाजूच्या टेबलावर मांडली आहेत. मंडळींनी ती अवश्य पाहावीत.