आवाज येतो, शब्द येत नाहीत

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. का, ते शेवटी सांगते. आणि आज मध्ये मध्ये तोंडाने आवाज काढून बघायचे आहेत, तेव्हा बसमध्ये असाल तर हळू!

सुरुवात माझ्या आजीपासून. आजी साताऱ्याला, मी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी मी तिला फोनवर सांगितलं, "आजी, उद्या डॉक्टरांनी सातला बोलावलंय. मी परस्पर तिथेच येते." मी सातला हजर. आजी आली आठला, तीही रमतगमत. डॉक्टर निघून गेले होते. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. घरात आमचं ठरलेलंच होतं ना, की हिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. आजी एवढंच म्हणाली, "अगं, आवाज येतो गं. शब्द येत नाहीत."

मला तेव्हा ते बहाणा वाटलं. आज कळतंय की तिने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. ते समजायला मला व्यंजनं समजून घ्यावी लागली.

"आ" म्हणा. तोंड उघडं, हवेला रस्ता मोकळा. हा स्वर. आता "पा" म्हणा. आधी ओठ मिटले, हवा अडली, मग सुटली. व्यंजन म्हणजे हवेला घातलेला अडथळा. आपली वर्णमाला हा त्या अडथळ्यांचा नकाशाच आहे. क, च, ट, त, प असं ओळीने म्हणा. अडथळा घशाजवळून निघतो आणि ओठांपर्यंत येतो. शाळेत आपण हे नुसतं पाठ केलं, जीभ कुठे जाते ते कुणी बघायला लावलं नाही.

आता तळहात तोंडासमोर धरा. "कार" म्हणा, मग "खार". "खार"ला हवेचा झोत लागला? गळ्यावर बोटं ठेवून "सss" म्हणा, मग "मss". "म"ला गळा थरथरतो, "स"ला नाही. आणि नाक दाबून "मामा" म्हणा. मामाचा जवळजवळ बाबा होतो! कारण "म" आणि "ब" दोन्हीला ओठ मिटतात, फक्त "म"ला हवा नाकातून जाते.

मग क, ख आणि ग यांत फरक कशाचा? बराचसा टायमिंगचा. अडथळा सुटला आणि गळ्याची थरथर सुरू झाली, यांत किती वेळ गेला? "ग"मध्ये थरथर आधीच चालू असते, "क"मध्ये सुटल्यावर लगेच, "ख"मध्ये जरा थांबून. हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोघांनी १९६४ मध्ये ११ भाषांत हा वेळ मोजला, आणि त्यात आपली मराठीही होती! आपला "घ" मात्र त्यांच्या या एका मापात बसेना. ग आणि घ नुसत्या टायमिंगवर वेगळे करता येत नाहीत, "घ"ला श्वासही सोबत लागतो.

बरं, अशी व्यंजनं किती असतात? भाषेगणिक वेगळी. पापुआ न्यू गिनीतल्या बूगनविल बेटावर रोटोकास भाषा आहे, तिच्या एका बोलीत फक्त ६ व्यंजनं. उबिख नावाच्या भाषेत ८४ होती. "होती" म्हणते, कारण ती बोलणारे शेवटचे गृहस्थ, तेव्फिक एसेन्च, १९९२ मध्ये तुर्कस्तानात वारले.

तोंड तर सगळ्यांचं सारखंच. मग आपल्याला ट आणि त इतके स्पष्ट वेगळे कसे वाटतात, आणि अनेक इंग्रजी भाषकांना का नाही? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात हे बाळांवर तपासलं, तो अभ्यास १९८४ मध्ये छापून आला. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतले ट आणि त वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. म्हणजे वर्षाच्या आत मेंदू आपल्या भाषेचे कप्पे करून टाकतो. पुढे कानावर जे पडेल ते या कप्प्यांत बसवायचं. अर्धवट आलं, तर उरलेलं अंदाजाने भरायचं.

आता परत आजीकडे.

मी कामावर कॉलिंगच्या एका फीचरवर होते. आवाजाचा आलेख स्क्रीनवर रोज बघायचे. स्वर खालच्या पट्टीत, ठळक. "स" मात्र वर, ४००० हर्ट्झच्या पुढेपर्यंत पसरलेला, फिकट. आणि जुन्या पद्धतीचा साधा फोन कॉल साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं कापून टाकतो. म्हणून तर फोनवर नाव सांगताना आपण "स, समोसातला स" असं करतो.

त्याच सुमारास आजीच्या कानांची तपासणी झाली. रिपोर्टवरची रेघ डावीकडे बरी, उजवीकडे घसरत गेलेली. खालच्या पट्टीतलं ऐकू येतं, वरचं नाही. वयानुसार बहुधा असंच होतं. मी बघतच राहिले. हा आलेख तर मी रोज बघत होते! आजी चोवीस तास खराब फोन लाइनवर जगत होती.

"सातला" मधला "स" गेला. उरलं "आत" की "आठ"? "आत वाजता" असं काही नसतं. मेंदूने "आठ" निवडलं. बिचारीने चूक केलीच नव्हती.

आणि मी काय केलं? ओरडले. ओरडल्याने प्रामुख्याने स्वर मोठे होतात. जे तिला आधीच ऐकू येत होतं, तेच मी वाढवत होते. शब्द तिथेच, वर राग फुकटचा.

आता आम्ही टीव्ही बंद करतो, तिच्या समोर बसतो, तोंड दिसेल असं, सावकाश बोलतो. ओठ दिसले की "प" आहे की "त" हे डोळ्यांनाच कळतं. श्रवणयंत्रही घेतलंय. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "पंखा एवढा आवाज करायचा होय गं?" फोनवर मी "सात, म्हणजे सहाच्या नंतरचे" असं सांगते. त्या दवाखान्यातल्या दिवसाबद्दल माफी मागितली, तर म्हणाली, "काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं." हसत होती. दोनदा मागायला लावली.

आता हेडफोनचं. मोठ्या आवाजाने कानाला होणारी इजा सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे व्यंजनांच्याच भागात. आणि एकदा गेलं की ते परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १०० कोटींहून जास्त तरुणांना हा धोका आहे. म्हणून म्हटलं, आवाज जरा कमी करा.

आणि घरात कुणी "काय?" असं तिसऱ्यांदा विचारलं, तर ओरडू नका. समोर जाऊन बसा.

भेटू पुढच्या भागात!