घरी येणारा थेरपिस्ट निवडताना
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला एकच गोष्ट फार वेळा विचारली जाते. "ताई, घरी येणारा एखादा चांगला फिजिओ सांगा ना." विचारणाऱ्याच्या घरी कुणाला स्ट्रोक झालेला असतो, कुणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते, कुणाला पार्किन्सन असतो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून हॅरो आणि आसपासच्या घरांतून काम केले, म्हणून माझ्याकडे नावांची यादी असेल अशी सर्वांची समजूत. पण मी आधी उलट प्रश्न विचारते. "त्यांना स्वतःला पुन्हा काय करावंसं वाटतं?" बहुतेक घरांत हे कुणी विचारलेलेच नसते. आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाबद्दल आहे, कारण थेरपिस्ट जुळणार की नाही ते त्याच्या उत्तरावर ठरते.

आधी कोण काय करतो ते पाहू. फिजिओथेरपिस्ट चालणे, तोल आणि स्नायूंची ताकद यांवर काम करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, कपडे, स्वयंपाक, पूजा ही रोजची कामे पुन्हा कशी जमतील ते बघतो. लागेल तिथे कामाची पद्धत बदलतो, नाहीतर घरात बदल सुचवतो. स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट बोलणे आणि समजणे तर पाहतोच, पण जेवताना, पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही त्याचेच काम.

एका आजींच्या घरी सगळ्यांचा आग्रह होता की आईला चालवा. आजींना मात्र चालण्यात रस नव्हता. त्यांना स्वतःच्या हाताने देवपूजा करायची होती. देव्हारा खाली होता आणि मांडी घालता येत नव्हती. आम्ही देव्हारा टेबलावर ठेवला, हात असलेली पक्की खुर्ची आणली, फुले आणि पळी-पंचपात्र चालत्या हाताकडे मांडले. व्यायाम म्हणून पाच वेळा उठा म्हटले की त्या कंटाळत. फुले आणायला, दिवा लावायला, आरतीला त्या न सांगता उठू लागल्या. पायांत ताकद आली ती अशी.

ही विद्या आपल्याला परकी नाही. इंग्लंडमध्ये ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी १९३० साली ब्रिस्टलला काढली. त्यानंतर वीसच वर्षांनी, १९५० साली, मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलात भारतातली पहिली शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने आपल्या झालेल्या.

आता इथे थेरपिस्ट मिळवण्याचे तीन रस्ते.

पहिला एनएचएसचा. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे थेरपिस्ट घरी येतात, त्याचे पैसे पडत नाहीत. जीपीला सांगायचे. नॉर्थविक पार्कसारख्या हॉस्पिटलातून घरी सोडत असतील तर तिथेच विचारायचे की घरी कोण येणार, कधी येणार आणि कुणी आले नाही तर कुठे फोन करायचा. हे कागदावर लिहून घ्या.

दुसरा रस्ता हॅरो कौन्सिलचा. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टप्रमाणे, मदतीची गरज दिसत असेल तर कौन्सिलकडून त्या गरजेची पाहणी करून घेण्याचा हक्क आहे. तुमच्याकडे पैसे किती हे त्यासाठी बघितले जात नाही. सांभाळणाऱ्या माणसाचीही वेगळी पाहणी होते, तीही मागा. पाहणीत गरज ठरली तर साधने, आणि १,००० पौंडांपर्यंतचे छोटे बदल, म्हणजे भिंतीला धरायचा दांडा, जिन्याला दुसरा कठडा, हे इंग्लंडमध्ये मोफत होतात. मोठ्या कामासाठी, उदाहरणार्थ खाली न्हाणीघर करायला, डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट आहे, जास्तीत जास्त ३०,००० पौंड. ती देताना मोठ्या माणसांचे उत्पन्न पाहिले जाते.

तिसरा रस्ता खाजगी. इथे डोळे उघडे ठेवा. या देशात नुसते 'थेरपिस्ट' हे नाव कुणीही लावू शकतो. 'फिजिओथेरपिस्ट', 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' आणि 'स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट' ही नावे मात्र कायद्याने राखीव आहेत. ती लावणाऱ्याचे नाव हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत असलेच पाहिजे. ही नोंदवही कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. नातवंडांना सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. आपल्याच ओळखीतला, आपलीच भाषा बोलणारा असला तरी नाव तपासाच.

पैशांबद्दल एक गोष्ट. पेन्शनच्या वयानंतर सहा महिने किंवा अधिक काळ अंघोळ, कपडे, जेवण यांत मदत लागत असेल तर अटेंडन्स अलाउन्ससाठी अर्ज करा. त्याला उत्पन्नाची किंवा बचतीची अट नाही, आणि मिळालेले पैसे कशावर खर्चायचे हे तुम्हीच ठरवता. 'आम्हाला कशाला सरकारचे पैसे' असे म्हणून आपले कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. तो हक्क आहे, त्यात कमीपणा नाही.

थेरपिस्ट पहिल्यांदा घरी येईल तेव्हा तो तुम्हाला तपासतो, तसे तुम्हीही त्याला पारखा. हे प्रश्न विचारा. या आजाराच्या माणसांबरोबर घरी काम केले आहे का? किती भेटी लागतील आणि त्यातून काय जमायला हवे? तुम्ही नसाल त्या दिवशी आम्ही काय करायचे? थांबायचे कधी? खाजगी असेल तर फी किती, येण्याजाण्याचे वेगळे किती, विमा आणि डीबीएस तपासणी झाली आहे का? 'थांबायचे कधी' याला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे पैसे भरत राहू नका.

आणि हे सारे आजारी माणसासमोर, त्याच्याशी बोलून ठरवायचे. थेरपिस्ट सगळे बोलणे मुलाशी करतो आणि आजोबांकडे बघतही नाही, असे झाले तर ते जुळणे नव्हे.

आता आपल्या घरांबद्दल. इथल्या थेरपिस्टला आपल्या चालीरीती ठाऊक असतीलच असे नाही, म्हणून सांगायची जबाबदारी आपली. आम्ही चपला बाहेर काढतो, आम्ही हाताने जेवतो, आईला परक्या पुरुषाकडून अंघोळीचे शिकायला संकोच वाटतो, बाई पाठवता येईल का. हे विचारण्यात काही गैर नाही. उजवा हात लुळा पडलेल्या एका काकांना डाव्या हातात चमचा दिला होता. ते अर्धेच जेवत आणि कारण सांगत नसत. डाव्या हाताने जेवायचे या विचारानेच घास उतरत नव्हता. कारण कळल्यावर थेरपिस्टने दुबळा उजवा हात खाली आधाराला घेऊन दोन्ही हातांनी घास उचलायला शिकवले. देवाला कुठल्या हाताने प्रसाद घेतला याचा राग येत नाही, हेही मी त्यांना सांगितले.

भाषेचे तसेच. स्ट्रोकनंतर माणसाच्या सगळ्या भाषा सारख्या परत येतात असे नाही. बायकोशी मराठी, शेजाऱ्यांशी गुजराती, दुकानात इंग्रजी असे ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या स्पीच थेरपिस्टला तिन्ही भाषा कुठे कुठे बोलत होते ते लिहून द्या. एनएचएसकडे दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे नाहीत. घरच्यांनी दुभाष्याचे काम करू नये, कारण प्रेमापोटी आपणच त्यांचे वाक्य पुरे करतो.

यावरून सेवेबद्दल बोलते. आईने कप उचलायचा म्हटले की सून धावते, लोक काय म्हणतील ही भीतीही असते. थेरपिस्ट म्हणतो, थांबा, त्यांना उचलू द्या. घरच्यांना तो निर्दय वाटतो आणि दोन भेटींत त्याला बंद करतात. पण जो हात वापरला जात नाही तो आणखी दुबळा होतो. आईचा चहा दहा मिनिटांनी होईल, थोडा सांडेल. त्या वेळी शेजारी बसून धीर धरणे ही पण सेवाच आहे.

खरोखरच जुळत नसेल तर गप्प बसू नका. 'कशाला कुणाला त्रास' म्हणत आपली माणसे दिवस काढतात, आणि आजारात गेलेले दिवस महागात पडतात. साधारण सहा आठवड्यांनी एकत्र बसा. ठरवलेली गोष्ट जवळ आली का? नसेल तर मोकळेपणी विचारा, दुसरे कुणी येऊ शकेल का.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी काही सभासद एकटे राहतात, मुले लांब आहेत. थेरपिस्टच्या पहिल्या भेटीला त्यांच्याजवळ बसायला, ठरलेले लिहून घ्यायला आणि आठवड्यातून एकदा व्यायामाला सोबत करायला माणसे हवी आहेत. महिन्याचे दोन-चार तास पुरेत. शिकवणे थेरपिस्टचे, आपण फक्त सोबत. ज्यांना जमेल त्यांनी मंदिराच्या कार्यालयात कल्याण निधीच्या वहीत नाव लिहावे. ज्यांना वेळ नाही त्यांनी निधीला यथाशक्ती हातभार लावावा. आणि ज्यांना मदत हवी आहे त्यांनी संकोच न करता त्याच वहीत नाव लिहावे. एनएचएस किंवा कौन्सिलने उसनी दिलेली साधने, वॉकर, कमोड, गरज संपली की परत करा. कुणीतरी त्यांची वाट पाहत असते.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. शेजारी बसा, हात हातात घ्या आणि विचारा, "तुम्हाला पुन्हा काय करावंसं वाटतं?" उत्तराला वेळ लागला तर लागू द्या.