अध्यक्षीय भाषण: ‘कृश’ या एका शब्दाखाली



रिवाजाप्रमाणे गतवर्षीच्या अध्यापनकार्याचा आढावा मी घ्यावयास हवा, आणि त्याची टिपणेही मी सोबत आणली आहेत. परंतु जी एक तक्रार मी तीस वर्षे शिक्षकांच्या खोलीत, परीक्षकांच्या बैठकीत आणि एका पाठ्यपुस्तक समितीपुढे मांडीत आलो, व जी दर खेपेस वेळेअभावी दप्तरदाखल झाली, ती आज मांडली नाही तर पुढे केव्हा मांडावयाची, हा प्रश्न मला रात्रभर छळीत होता. म्हणून टिपणे बाजूस ठेवतो.

तक्रार अशी: आपल्या मुलांच्या हाती असलेले कोणतेही मार्गदर्शक उघडा, थिन, स्लिम, स्लेंडर, लीन, स्किनी, गॉन्ट ही सहा विशेषणे एका ओळीत बसविलेली आणि त्यांच्यापुढे ‘कृश’ हा एकच शब्द छापलेला आढळेल. यांतील थिन तेवढे तटस्थ आहे. स्लिममध्ये बांध्याचे कौतुक आहे. स्लेंडरमध्ये कौतुकासोबत नाजुकपणा आहे, म्हणून ते बोटांना, वेलीच्या फांदीला, इतकेच काय, क्षीण आशेलाही लागते. लीन म्हणजे अंगावर चरबी नसलेला, पण पीळदार. स्किनी म्हटले की हिणविणे आले. आणि गॉन्ट म्हटले की उपासमार किंवा दुखणे, खोल गेलेले डोळे आणि वर आलेली गालफडे. ज्या मराठीत सडपातळ, शेलाटा, काटक, किडकिडीत, हडकुळा आणि खंगलेला हे सारे शब्द घरोघर बोलले जातात, त्या मराठीच्या मुलाला आपण ‘कृश’ एवढेच द्यावे, हे दारिद्र्य भाषेचे नाही, आपले आहे.

पूर्वसूरींचा यात दोष नाही. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि कँडी यांनी तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला. त्यात एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रास ओतलेली आहे, आणि बोलीतल्या शब्दाला तेथे मज्जाव नाही. त्या राशीतून सर्वांत संस्कृत दिसणारा एक दाणा उचलून बाकीचे उधळून देण्याचे काम नंतरच्या संक्षेपकारांनी केले, आणि आपण ते मुकाट्याने चालू दिले.

समानार्थी शब्द म्हणून काही वस्तू आहे की नाही, यावर काल सायंकाळी बराच खल झाला. माझ्यापुरता तो वाद तरुणपणीच मिटला. अध्यापनात येण्यापूर्वी तीन वर्षे मी एका जिल्ह्याच्या कोर्टात जबान्यांचे इंग्रजी तर्जुमे करीत होतो. मारामारीच्या एका मुकदम्यात साक्षीदार म्हणाला, “आरोपी त्या वक्ताला घाबरलेला होता.” माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने तेथे टिमिड हे विशेषण घातले. झाले! बचावाच्या वकिलांनी त्या एका शब्दावर अर्धा तास भाषण केले, की जो मनुष्य स्वभावतःच भित्रा तो दुसऱ्याच्या अंगावर हात टाकीलच कसा? मूळ जबानी पुन्हा वाचून दाखवावी लागली. घाबरलेला ही घटकेची अवस्था, भित्रा हा जन्माचा स्वभाव आणि भ्याड ही निंदा. इंग्रजीत अफ्रेड, टिमिड आणि कॉवर्डली यांच्यात हीच अंतरे आहेत. शिवाय अफ्रेडची गंमत अशी, की ते नामाच्या मागून विधेय म्हणून येते, नामापूर्वी सहसा बसत नाही. तेथे फ्रायटन्ड घ्यावे लागते. हे कोणत्या गाईडात लिहिले आहे?

दुसरा वाद इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी की मातृभाषेच्या आधाराने, हा. त्यालाही माझे उत्तर एका वहीतले आहे. नववीतल्या एका मुलाने ‘माझी आई’ या निबंधात लिहिले होते, की त्याची दिवंगत आई स्किनी होती. तो शब्द वाचून माझ्या हातातली तांबडी पेन्सिल थांबली. त्याला जवळ बोलावून मी मराठीत विचारले, “बाळ, आई दिसायला कशी होती रे?” तो खाली मान घालून म्हणाला, “सडपातळ होती, सर. मग दुखण्यानं पार खंगली.” एका वाक्यात त्याने स्लेंडर आणि गॉन्ट यांच्यामधले सारे अंतर सांगितले होते! ते ज्ञान त्याच्यापाशी होतेच. त्याच्या आणि त्या इंग्रजी शब्दांच्या मध्ये ‘कृश’ ही भिंत आम्ही उभी केली होती. मराठी वर्गाबाहेर ठेवा म्हणणाऱ्यांनी त्या मुलापुढे उभे राहून ते म्हणावे, मग मी ऐकेन.

इंग्रजीला ही समृद्धी आली कोठून, हेही मुलांना सांगितले पाहिजे. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच, आणि खाली सॅक्सन बोली जिवंत राहिली. म्हणून राजाविषयी किंगली, रॉयल आणि रीगल अशी तीन विशेषणे झाली. किंगली राजाला शोभणाऱ्या गुणांना, रॉयल प्रत्यक्ष राजाच्या किंवा राजसत्तेच्या वस्तूला, रीगल डौलाला. ज्याच्या भाषेत जुना, पुरातन आणि कदीम हे तीन शब्द तीन वाटांनी येऊन शेजारी नांदतात, त्या मराठी मुलाला ही गोष्ट परकी का वाटावी?

करावयाचे काम म्हणजे विशेषणांचा एक छोटा कोश: इंग्रजी शब्द, त्याच्या छटेचा बोलीतला मराठी शब्द आणि दोहोंचे एकेक वाक्य. शब्द किती, खर्च कोणी सोसावा, मुद्रण कोठे, हे कार्यकारी मंडळाने ठरवावे. वऱ्हाड, खानदेश, कोकण, गोमंतक येथील प्रतिनिधींनी आपापल्या बाजूचे शब्द पाठवावे, एवढीच माझी विनंती. त्या मुलाचे दोन शब्द पहिल्या पानावर मी लिहून ठेवले आहेत. वही येथे मेजावर आहे.