गॉर्डन हॉल : मुंबईतील एक तरुण मिशनरी

'मिशनरी' हा शब्द कानी पडला म्हणजे आपल्या मनात बहुधा दोन चित्रे उभी राहतात. कोणास भर बाजारात उभा राहून आपल्या देवदेवतांची निंदा करणारा गोरा पाद्री आठवतो, तर कोणास शाळा व दवाखाना चालविणारा परोपकारी साहेब. दोन्ही चित्रांत सत्याचा अंश आहे. परंतु दोहोंच्या आड प्रत्यक्ष माणूस झाकला जातो. ऐन तारुण्यात घरदार सोडून परक्या मुलखात आलेला हा मनुष्य दिवसभर काय करीत असे, आणि श्रमांचे फळ दिसेना तेव्हा त्याच्या श्रद्धेचे काय होत असे, हे आपण सहसा विचारीत नाही. आज मी आपणांस मुंबईस आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एकाची, गॉर्डन हॉल याची, हकीकत सांगणार आहे.

हॉलचा जन्म १७८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. विल्यम्स कॉलेजातून तो १८०८ साली पदवीधर झाला व पुढे अँडोव्हर येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात दाखल झाला. कनेक्टिकटमधील वुडबरी गावच्या चर्चने त्याला आपला धर्मोपदेशक म्हणून बोलाविले होते. म्हणजे स्थिर वेतन, मानमरातब व आप्तस्वकीयांचा सहवास हे सर्व दाराशी चालत आले होते. ते त्याने नाकारले. परदेशी जाण्याच्या तयारीसाठी त्याने फिलाडेल्फियास काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांना धर्मदीक्षा देण्यात आली, त्यांत हॉल हा एक होता. ब्रह्मदेशात नाव कमावणारा जडसन हा त्यांतलाच दुसरा.

कलकत्त्यास पोहोचताच या मंडळींवर संकट कोसळले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, आणि त्याच वर्षी अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्धही जुंपले. सरकारने त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. न्यूएल या सोबत्याला पत्नीसह मॉरिशसकडे जावे लागले, व तेथे त्याची पत्नी हॅरिएट अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मृत्यू पावली. हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मात्र ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस येऊन दाखल झाले.

येथेही तोच हुकूम त्यांच्या मागोमाग आला. तेव्हा त्यांनी गुपचूप कोचीनचा रस्ता धरला. परंतु त्यांना पकडून परत आणण्यात आले. मग त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस एक अर्ज लिहिला. कायद्याचा आधार त्यांच्यापाशी फारसा नव्हता. त्यांनी गव्हर्नरसाहेबांच्या सदसद्विवेकबुद्धीस हाक मारली, आणि आपणां उभयतांस एके दिवशी ईश्वराच्या न्यायासनासमोर उभे राहावयाचे आहे, याचे नम्रपणे स्मरण करून दिले. तिकडे पार्लमेंटनेही १८१३ च्या सनदेत मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली होती. अखेरीस त्यांना मुंबईत राहावयास मिळाले. परंतु नॉटची प्रकृती ढासळून तो १८१५ साली स्वदेशी परतला. १८१४ पासून न्यूएल हाच हॉलचा खरा सोबती झाला.

आता या मनुष्याच्या नित्यक्रमाकडे वळू. मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणून मला त्याच्या चरित्रातील हाच भाग अधिक ओढ लावतो. उपदेश करावयास म्हणून आलेल्या या पदवीधराला प्रथम पाटी घेऊन बसावे लागले. त्या काळी मराठी शिकण्याची साधने ती किती? विल्यम केरीचे व्याकरण १८०५ सालचे व कोश १८१० सालचा. मोल्सवर्थचा कोश यावयास १८३१ साल उजाडावे लागले. पुण्यास अद्याप पेशवाई नांदत होती. अशा वेळी पंडितापाशी बसून बाराखडी गिरवावी, ळ आणि ण यांच्यासाठी जीभ वळवावी, ज्याला आपण शिकवावयास आलो त्याच्याच हातून आपल्या चुका सुधारून घ्याव्या, हा त्याचा अभ्यास होता. विद्वत्तेचा ताठा उतरविण्यास परभाषेसारखा दुसरा गुरू नाही.

भाषा थोडी वळू लागताच तो रस्त्यावर उतरला. बाजारात, देवळांच्या आवारात, जत्रेत, जेथे चार माणसे जमतील तेथे उभे राहावे, बोलावे, प्रश्नांना उत्तरे द्यावी. कोणी ऐकत, कोणी वाद घालीत, कोणी हसून चालते होत. घरी आल्यावर बायबलच्या भाषांतराची पाने पुढ्यात घ्यावी. शाळा काढल्या होत्या, त्यांची देखरेख करावी. त्या शाळांतून शिकविणारे पंतोजी बहुतेक हिंदूच असत, कारण दुसरे मिळणार कोठून? १८१६ साली बार्डवेल हा मुद्रणाची माहिती असलेला सहकारी येऊन मिळाला, आणि १८१७ साली मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. तेव्हापासून मुद्रिते तपासण्याचे कामही वाढले. तेच घर, तोच बाजार, तीच पाने, आणि मुंबईचा उकाडा, असा क्रम तेरा वर्षे चालला.

आणि फळ? धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर जवळजवळ शून्य. १८१८ साली हॉल व न्यूएल यांनी मिळून एक पुस्तिका लिहिली. जगातील साठ कोटी लोकांना ख्रिस्ताचा संदेश पोहोचला पाहिजे, व त्यासाठी किती हजार उपदेशक लागतील, याचा त्रैराशिकासारखा हिशेब तीत मांडला होता. एकीकडे हा साठ कोटींचा आकडा, आणि दुसरीकडे मुंबईच्या रस्त्यांत बोटांवर मोजता येतील इतकेही अनुयायी नाहीत! १८२१ साली पटकीने न्यूएलला नेले. १८२५ साली मुलांच्या प्रकृतीसाठी हॉलची पत्नी मार्गारेट ही दोन्ही मुलगे घेऊन अमेरिकेस निघाली. थोरला मुलगा वाटेतच वारला. हॉल मात्र मुंबईसच राहिला होता. पत्नीची व धाकट्या मुलाची त्याची पुन्हा गाठ पडली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हॉल आपल्या धर्माकडे उदार दृष्टीने पाहत नव्हता. आपली मूर्तिपूजा त्याला निव्वळ अंधार वाटे, आणि आपण दिवा घेऊन आलो आहोत याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भूमीत उभ्या असलेल्या माणसाची ही समजूत आपणांस पटणार नाही, व पटवून घेण्याचे कारणही नाही. परंतु एखाद्याचे मत अमान्य करणे वेगळे आणि त्याच्या निष्ठेची किंमत न ओळखणे वेगळे. मते काय, घरी आरामखुर्चीत बसूनही बाळगता येतात. निष्ठेची कसोटी रोजच्या कामात लागते. यशाचे चिन्ह नसता उद्याही तेच काम त्याच काळजीने करावयास जी उठविते, ती निष्ठा. फलाची आशा न धरिता कर्म करावे, हे आपण पाठ म्हणतो. हॉलला फलाची आशा होती, मोठी होती, तरी ती पुरी होत नसता त्याने कर्म टाकले नाही. यांतील अधिक अवघड काय, याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा.

आता शेवटची हकीकत. १८२६ च्या मार्चमध्ये तो दोन मुलांना सोबत घेऊन घाटावर उपदेशाच्या फेरीस निघाला. नाशिकास पोहोचतो तो तेथे पटकीने थैमान घातलेले. जवळची औषधे त्याने आजाऱ्यांना वाटून टाकली. तरुणपणी शिकलेले वैद्यक असे उपयोगी पडले. औषधे सरत आली तेव्हा तो परत फिरला. वाटेत दोडी-दापूर येथे त्याचा मुक्काम पडला. २० मार्चच्या पहाटे पटकीने त्यालाच गाठले, आणि औषध तर दुसऱ्यांसाठी खर्ची पडलेले. दुपारच्या सुमारास त्याचा प्राण गेला. वय एकेचाळीस. पेटी नाही, पाद्री नाही, आप्त नाही; त्या दोन मुलांनी मिनतवारीने जागा मिळवून त्याला मातीआड केले. साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्याच्या मूठमातीस दोन पोरे होती.

त्याच १८२६ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर मिशनच्या छापखान्यात पुरे छापून झाले. हॉलने ज्या कामाला हात घातला होता, त्याच्या शाखा पुढे त्याला स्वप्नातही न दिसलेल्या दिशांनी पसरल्या. मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली होती. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार या बाई त्याच मिशनमध्ये आल्या. त्यांच्या अहमदनगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. त्याच छापखान्यात जावजी दादाजी लहानपणी काम शिकले, आणि त्यांच्या निर्णयसागर छापखान्याने पुढे आपले वेद, पुराणे व काव्ये शुद्ध व देखण्या स्वरूपात घरोघर पोहोचविली. हॉलला ज्या ग्रंथांचा लोप व्हावासा वाटला असता, त्यांनाच त्या कलेने आयुष्य दिले!

तेव्हा एवढेच म्हणावेसे वाटते की, माणूस पेरतो ते एक आणि उगवते ते पुष्कळदा दुसरे. पीक कोणते यावे हे त्याच्या हाती नसते. नांगर मध्येच सोडावयाचा की नाही, एवढेच त्याच्या हाती असते. गॉर्डन हॉलने तो सोडला नाही. धर्म कोणताही असो, हे वाण दुर्मिळ आहे, आणि म्हणून त्याचे स्मरण आपण, त्याच्या मताचे नसलेल्यांनीही, आदराने करावे.