सात महिन्यांचे भाडे

मुलुखापासून दूर घर बांधलेल्या मराठी माणसास एका खोलीच्या भाड्याचे मोल काय, हे आपणांस सांगावयास नको. येथे रायपुरात, तात्यापाऱ्यातील आमच्या भाडेकरूंनी १९९८ साली सात महिन्यांचे भाडे थकविले. गृहस्थांची नोकरी सुटली होती. ‘नळ तोडा’, असे स्नेही म्हणाले. पण कायद्यास ते मंजूर नव्हते. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या कायद्यान्वये आम्ही मागणीची नोटीस धाडली. मुदत दोन महिन्यांची. पुढे दावा लावला, तरी समन्सनंतर महिन्याभरात थकबाकी न्यायालयात भरून, व पुढेही दरमहा भरत राहून, भाडेकरूस घर राखता येई. आम्हांस तेव्हा हा अन्यायच वाटला! (छत्तीसगडचा स्वतःचा कायदा २०११ चा, त्याने असे तंटे भाडेनियंत्रकाकडे सोपविले.)

मुदतीचे चार दिवस उरले असता त्यांच्या पत्नी आल्या. पिशवीत सर्व रक्कम होती. हातांतील सोन्याच्या बांगड्या मात्र नव्हत्या. आम्ही पावती लिहिली. घरातून चहा आला. त्यांनी तो घेतला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन खोली सोडली. किल्ली शेजारी ठेवली होती.