पाळीवरून पाण्यात
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलन, जानेवारी २०२५ : भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावामागे 'सुप्रसिद्ध खेळाडू' असं छापलंय. ते वाचून पी.टी.चे सर सकाळी चहाच्या टेबलाशी मला म्हणाले, "तूच ना ती, पोट दुखतं म्हणून मैदानाच्या कडेला बसणारी?" हो सर, मीच ती. आणि आज सांगून टाकते, पोट कधीच दुखत नव्हतं.

ही सगळी भानगड आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झाली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या पुण्याच्या मित्राने गळ्यात पदक घातलेला फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "डिसेंबरात नागपूरला स्प्रिंट ट्रायथलॉन आहे. कोण येतं?" मी स्वयंपाक करत होते. एका हाताला कणीक, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गंमत म्हणून टाईप केलं, "मी." दहा मिनिटांत सत्तावीस अंगठे. एकाने तर 'साकोलीची वाघीण' असं लिहिलं. नंतर मी तो मेसेज पुसायला गेले, तोवर त्याचे स्क्रीनशॉट फिरत होते. तुम्ही लोक बदलला नाहीत.

ट्रायथलॉन म्हणजे काय, हे मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल मारायची, मग पळायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. स्प्रिंट हा तिचा छोटा प्रकार : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मोठी आयर्नमन असते ती ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. मिलिंद सोमणने ती २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर केली, तेव्हा आपण बायकांनी ग्रुपवर केलेली चर्चा मला आठवते. तिचा ट्रायथलॉनशी काही संबंध नव्हता. १९७८ मध्ये हवाईमध्ये पहिली आयर्नमन झाली तेव्हा जेमतेम पंधरा जण उतरले होते, बारा जणांनी पूर्ण केली. २००० मध्ये सिडनीला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, २०१९ मध्ये गोव्याला आयर्नमनची अर्ध्या अंतराची शर्यत सुरू झाली. आणि आपल्या शेजारच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जवळपास पाच हजार किलोमीटर, सायकलवर एकट्याने पार केली. म्हणजे विदर्भातल्या माणसाला हे जमत नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. माझी अडचण वेगळी होती. मला पोहता येत नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी. तलावांच्या जिल्ह्यात जन्माला येऊन.

इथे थोडं थांबते, कारण दहा मिनिटं मागून घेतली ती खरं तर यासाठीच.

सातवीतली नवेगावबांधची सहल आठवते? तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेलं. इतिहासाच्या सरांनी पाळीवर उभं राहून सांगितलं होतं की हा तलाव कोहळी लोकांनी बांधला, इंजिनिअर नाही, सिमेंट नाही, डोंगराडोंगरांतली खिंड मातीने बांधून काढली. मग मुलांना गुडघाभर पाण्यात जायची परवानगी मिळाली. मुली पाळीवर. आम्ही तुमच्या चपला, डबे आणि चड्ड्या सांभाळत बसलो होतो. मला त्या दिवशी राग आला होता असं म्हणणार नाही. उलट बरं वाटलं होतं. मला पाण्याची भीती होती, आणि मुलगी असल्यामुळे ती कुणाला सांगावी लागत नव्हती.

त्यानंतर एक वर्षाने ते झालं. नाव घेत नाही, त्याच्या घरची माणसं अजून गावात आहेत. आपल्या खालच्या वर्गातला मुलगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हशी धुवायला गेला आणि तलावातून परत आला नाही. अवेळी घंटा झाली, शाळा सुटली. आणि आपण काय केलं? अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली म्हणून आंबराईत लंगडी खेळलो. मीही खेळले. संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई दारात उभी होती, तिने मला धरलं आणि दोन थोबाडीत मारल्या. का मारल्या ते ती बोलली नाही. पुढची तेहतीस वर्षं मी घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही.

असो. मार्चमध्ये मी पोहणं शिकायला निघाले. साकोलीजवळच्या एका खेड्यात मामा तलाव आहे, मालगुजारीतला. तिथे ढिवर समाजातले एक काका मासेमारी करतात. सत्तरीचे असतील. मी सांगितलं, काका, मला साडेसातशे मीटर पोहायचंय. त्यांनी विचारलं, "कायले? पलीकडं काय हाये?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "बरं, या उद्या. पंजाबी डरेस नोका घालू, पानी पेते."

मी पंजाबी ड्रेसच घालून गेले, दुसरं होतं काय? त्याने पाच लिटर पाणी प्यायलं. ओढणी शिंगाड्याच्या वेलात अडकली. पाळीवर बकऱ्या चारणाऱ्या पोरांनी काकांना विचारलं, "मॅडमचं काई हरपलं का पान्यात?" तिसऱ्या दिवशी बाकावरच्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती लाखनीहून बसने आली, मला बघून पोट धरून हसली आणि तिथल्या तिथे मोबाईलवर अंगभर, पायाच्या घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मागवला. पुढचे कित्येक रविवार ती पाळीवर टॉवेल घेऊन बसली. शाळेत ती माझा गृहपाठ करून द्यायची, तसंच.

काकांची शिकवण अशी. आठ दिवस नुसतं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. हात मारायचे नाहीत, पाय मारायचे नाहीत. मग पाठीवर. पोटाला रिकामी प्लास्टिकची कॅन बांधली आणि म्हणाले, "आंग सोडा. मुडद्यावानी पडा." मी म्हटलं, काका, काही चांगलं बोला. ते म्हणाले, "मुडदा बुडत नाई बाई. जो झगडते तो बुडते."

मग ते बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावात कोणी बुडालं की पोलीस पाटील आधी ढिवरांना बोलावतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. काका म्हणाले, "लई पोरं काढली म्या पान्यातून. पन त्यात ढिवराचं पोरगं नाई सापडलं कदी. आमच्या पोरायले चालाच्या आदी पानी दाखवतो. तुमी पानी दाखवतच नाई, नुसतं भेव दाखवता." मी विचारलं, त्र्याण्णवच्या आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अमुक गावचा एक मुलगा होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कॅनची दोरी घट्ट करत म्हणाले, "म्हशीचं शेपूट धरून होता. सोडून देल्लं त्यानं." एवढंच.

मे महिन्यात कॅन सुटली. जूनमध्ये न थांबता पन्नास मीटर. पावसाळ्यात गढूळ पाण्यात उतरायचं नाही असा काकांचा दंडक, तेव्हा सायकल. आपल्या डॉक्टर मित्राने ईसीजी आणि रक्ततपासणी केल्याशिवाय परवानगी दिली नाही, फी मात्र घेतली नाही. राइस मिलवाल्या मित्राने मुलाची गिअरची सायकल दिली. शाळेत असताना आपण ज्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचो तो आता ५३ नंबरचा झालाय, पण ट्रक तेच. म्हणून मी आडगावच्या रस्त्यांनी जायची. नोव्हेंबरात चुरणं सुरू झालं की रस्त्यावर धान वाळत घातलेलं, त्याच्या कडेकडेने सायकल काढायची आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या. सायकलवरून उतरून लगेच पळायचीही सवय करावी लागते. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय माझे नव्हतेच, दोन मुसळं होती.

डिसेंबरातली ती सकाळ. नागपूरजवळचा तलाव, थंडी अशी की दात वाजताहेत. डोक्याला गुलाबी टोपी, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी. पाण्यावर नारिंगी फुगे तरंगत होते, त्यांना वळसा घालून यायचं. शिट्टी झाली. आजूबाजूला सगळी पोरं-पोरी, हातपाय एकमेकांना लागत होते. कोणाची तरी लाथ माझ्या चष्म्याला बसली. दोनशे मीटरवर माझा श्वास संपला. खाली बघितलं तर हिरवं, मग काळं. मला ती घंटा ऐकू आली. खरंच ऐकू आली, अलंकारिक बोलत नाही.

मी हात वर केला. कयाकवरचा मुलगा आला. नियम असा की कयाक धरून विश्रांती घेता येते, फक्त तिने तुम्हाला पुढे ओढायचं नाही. तो म्हणाला, "काकू, बाहेर नेऊ?" मी 'हो' म्हणणार होते. 'हो' तोंडात आलंच होतं. पण त्याआधी सवयीने पाठीवर वळले आणि मुडद्यावानी पडले. वर आकाश होतं, एक बगळा गेला. कान पाण्यात, म्हणून सगळं शांत. किती वेळ गेला माहीत नाही. मैत्रीण म्हणते तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांत तिने काठावर दोन नवस बोलले. मग मी कयाकवाल्याला म्हटलं, "तू जा बाळा. पण फार लांब नको जाऊ."

बाहेर आले तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती. माझ्या मागे दोघेच होते.

पुढचं पटकन सांगते, सर घड्याळ बघताहेत. ओल्या पायात मोजे जात नाहीत, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. सायकलपाशी मी सहा मिनिटं मोज्यांशी कुस्ती केली. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही, आणि मी हेल्मेट उलटं घातलं होतं. सायकल अठ्ठावन्न मिनिटं. मोज्यांचं शहाणपण आल्यावर दुसरा बदल तीन मिनिटांत. धावणं त्रेचाळीस मिनिटं, त्यातलं निम्मं चालणं. एकूण दोन तास एकवीस मिनिटं. शेवटच्या वळणावर आपला पुण्याचा मित्र, तासाभरापूर्वी शर्यत संपवलेला, गळ्यात पदक आणि हातात तर्रीपोह्यांची प्लेट घेऊन माझ्या बाजूने पळत होता. पोहे सांडत होते, पण तो थांबला नाही.

पदक मी काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पितळंचं हाये का?" भंडाऱ्याच्या माणसाने पितळेचंच विचारायचं. मग परत देत म्हणाले, "पलीकडं काय होतं, दिसलं का मग?"

आता कामाचं. काका तयार आहेत. एप्रिल-मे, आठ रविवार, सकाळी सहा ते आठ, त्याच तलावात, कमरेएवढ्या पाण्यात. आठवी-नववीची वीस मुलं, आणि त्यात किमान दहा मुली, ही माझी अट. मुख्याध्यापक बाईंशी बोलणं झालंय. पालकांची लेखी संमती लागेल, ती घरोघरी जाऊन आणायला मला गावागावातली माणसं हवीत. वीस लाइफ जॅकेट हवीत. डॉक्टर, तू दर रविवारी पाळीवर पाहिजेस, फी मिळणार नाही. काकांना मानधन द्यायचं, ते नको म्हणतील, तरी द्यायचं. स्नेहसंमेलनाचे पैसे उरणार आहेत असं कोषाध्यक्षांच्या चेहऱ्यावरून दिसतंय.

आणि आमच्या वर्गातल्या ज्या बायका तेव्हा माझ्यासोबत पाळीवर बसल्या होत्या, त्यांच्यासाठी सात ते आठ वेगळी वेळ ठेवली आहे. वही जेवणाच्या मंडपात, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलीय. पोशाख कुठून मागवायचा ते लाखनीवालीला विचारा. टॉवेल आपापला आणा, ती यंदा पाळीवर बसणार नाही म्हणते.