घरच्या कुंडीतली नवी लिली



चैत्राचे ऊन तापू लागले, की अंगणातल्या कुंडीतून एक जाड, पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाशी कर्ण्यासारखी दोन-चार लाल फुले उमलतात. आपण तिला नुसते लिली म्हणतो. शास्त्रीय नाव हिप्पिअ‍ॅस्ट्रम, मूळ घर दक्षिण अमेरिका. हिच्यापासून नव्या रंगाची लिली घरी कशी करावी, ते आज सांगायचे आहे.

मी शिकवतो मराठी, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण या फुलाचा पहिला संकर करणारा आर्थर जॉन्सन तरी कुठे शास्त्रज्ञ होता? इंग्लंडातल्या प्रेस्कॉट गावचा तो घड्याळजी. १७९९ साली त्याने दोन जातींचा संकर केला आणि लाल पाकळीवर पांढरा पट्टा असलेले फूल मिळवले.

कृती सोपी आहे. ज्या फुलावर बी धरायचे, ते उमलू लागताच त्यातले सहाही परागकोश चिमट्याने काढून टाका. पराग सुटण्याच्या आत, बरे का! मधला लांब तंतू राहतो, तो स्त्रीकेसर. एक-दोन दिवसांत त्याचे टोक तीन फाट्यांनी उलगडून चिकट होते. तेव्हा दुसऱ्या रंगाच्या लिलीचे पराग कुंचल्याने त्याला लावा आणि फुलावर मलमलीची पिशवी बांधा. पाच मिनिटांचे काम.

साधारण चार-सहा आठवड्यांत बोंड पिवळे पडून तडकते. आत काळ्या, कागदासारख्या चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. मध्ये दाणा हाताला लागेल तेवढ्याच घ्या. पोचट बी उगवत नाही. ताजेच पेरा. मृगाची वेळ त्याला नेमकी साधते. फक्त कुंडी वळचणीखाली नको, आडोशाला ठेवा.

यानंतर मात्र तीन वर्षे, कधी चार, नुसती पाने बघायची. इथेच माझी फजिती झाली. कुंड्यांवर मी शाईने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. पहिल्याच पावसात त्या कोऱ्या झाल्या. चौथ्या उन्हाळ्यात एका रोपाला फिकट गुलाबी, हिरवट गळ्याचे सुरेख फूल आले आणि त्याची आई कोण, बाप कोण, मला सांगता येईना. तो संकर पुन्हा करायचा तरी कसा? तेव्हा पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने ओरखडून लिहा आणि वहीतही टिपा : तारीख, आधी आईचे नाव, मग बापाचे.

शिक्षक मंडळींची अडचण वेगळी. पाचवीच्या मुलांनी पेरलेले बी फुलणार आठवीत, आणि शाळा सातवीपर्यंतच असली तर? मी म्हणेन, रोपे बोटभर झाली की एकेक ज्याच्या त्याच्या घरी द्या. वही शाळेत राहू द्या. फूल आले की मूल सांगायला येईलच. कांदा विषारी असतो, तेवढे मुलांना बजावा आणि हात धुवायला लावा.

आवडलेले फूल बियांपासून तसेच्या तसे पुन्हा मिळत नाही. कांद्याच्या कुशीला पिले फुटतात, तीच वेगळी करून लावावी लागतात. जॉन्सनने आपले कांदे लिव्हरपूलच्या वनस्पतिउद्यानाला दिले होते. पुढे त्याच्या काचघराचे आगीत नुकसान झाले, पण ती लिली अजून बागांतून फुलते आहे. माझ्या गुलाबीला गेल्या पावसाळ्यात दोन पिले आली. एक मी ठेवले, दुसरे शेजारच्या वहिनींनी नेले.